अप्पांनी अर्धी सोडलेली ओळ

कुर्रर्र... कुंई. कुर्रर्र... कुंई.

मंडळी, एकमेकांकडं बघू नका. म्हाताऱ्याला भ्रम झालाय असं समजू नका. हा आवाज तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी पाळण्यात ऐकलेला आहे. आपल्या अणदूरच्या गल्लीत घरोघर तेलाचे लाकडी घाणे फिरायचे, तेव्हाचा हा आवाज. सकाळी बैल जुंपला की लाट, म्हणजे ते जाड लाकडी मुसळ, उखळीत फिरायला लागायची आणि लाकूड लाकडाशी बोलायला लागायचं. प्रत्येक घाण्याचा गळा वेगळा. एखादा कण्हायचा, एखादा घोरायचा, एखादा सासुरवाशिणीसारखा मुसमुसायचा. मी आणि अप्पा, चुलतभाऊ आम्ही, दोघं पोरं, एका गोधडीत पडून ओळखायचो, हा कुणाचा, तो कुणाचा. अप्पा बरोबर ओळखायचा. माझं चुकायचं.

तिथून सुरुवात झाली, मंडळी. माझ्या हेव्याची.

आज तुम्ही सगळे इथं जमलात. आपल्या तेल कंपनीच्या या गोदामात, पेंडीच्या पोत्यांवर, दाटीवाटीनं बसलात. अणदूरचे तर आहातच. जळकोटचे आहात, नळदुर्गाकडचे आहात, लातूरचे गिरणीवाले आहात. सोलापूरहून, त्याच्याही पलीकडून काही व्यापारी आलेत. गंगाक्का, अप्पांच्या घरच्या तुम्ही, समोर बसला आहात. तुमच्याकडं बघून बोलणं मला अवघड जातंय, म्हणून मी मधून मधून छताकडं बघतोय. रागावू नका.

माझ्याआधी जे बोलले त्यांनी अप्पांना देवमाणूस म्हटलं. मी म्हणणार नाही. देवाचा हेवा करता येत नाही, आणि मी तर या माणसाचा जन्मभर हेवा केला. आजही करतोय. अप्पा लिंगैक्य झाले, त्यांना कपाळी विभूती लावून निरोप दिला, तरी माझा हेवा काही गेला नाही. उलट या गर्दीकडं बघून तो वाढलाय. माझ्या शोकसभेला एवढी पोती लागतील का हो? निम्मी तरी?

हसा. अप्पांना हसणारी माणसं आवडायची.

पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या मनात कुजबुज राहायची नाही. ती खुर्ची बघा. हार घातलेली. अप्पा या कंपनीचे मुख्य चालक होते, आणि ती त्यांची खुर्ची. भागीदारांनी मला म्हटलंय, तात्या, आता ती तुम्ही सांभाळा. मी हो म्हटलंय. पण ज्यांच्या हातांवर ही कंपनी चालते त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. हे आमचे मुकादम, बसवण्णा, तिथं खांबाला टेकून बसलेत. काल ते मला तोंडावर म्हणाले, "तात्या, राग मानू नका. अप्पानं जे ठरवलं व्हतं ते तुमी तडीस नेणार असाल तर आमी संगं हाव. न्हाय तर सोलापूरच्या गिरण्या काय आता लांब न्हायत. वाटेवरचा जकातीचा नाका बी उठायलाय."

मी विचारलं, "आणि मी काय ठरवतो ते?"

बसवण्णा म्हणाले, "ते बी आयकू की. पन अप्पाचं आधी."

ऐकलंत? मेलेल्या माणसाचं आधी. मी जिवंत, समोर उभा, धोतर-कोट घातलेला. तरी अप्पाचं आधी.

आणि अप्पांनी जे ठरवलं होतं, ते एका माणसावाचून होत नाही. त्या माणसानं स्पष्ट नाही म्हटलेलं आहे. म्हणजे खुर्ची मला दिलीय खरी, पण तिचा एक पाय त्या माणसाच्या घरी आहे. तो माणूस कोण, ते सांगतो. पण मला माझ्या वाटेनं येऊ द्या. म्हातारा आहे, सरळ चालत नाही.

आमची शाळा सोलापूरला. का, ते जुन्या लोकांना माहीत आहे. आपल्याकडं निजामी अमलात सगळी शाळा उर्दूत. आमच्या वडिलांना वाटलं, पोरांना आपली भाषा लिहिता यावी. म्हणून नाका ओलांडून आम्हाला तिकडं, इंग्रजी मुलखात ठेवलं. मला शाळेत एकच गोष्ट आवडायची. कविता. अजून आवडते. पुस्तकातल्या सगळ्या कविता मला पाठ होत्या, अजून आहेत, आणि तुम्ही मला थांबवलं नाही तर मी आत्ता सुरू करीन.

एकदा पाठांतराचा दिवस होता. मी उभा राहिलो. एक शब्द चुकला नाही. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी. गुरुजी म्हणाले, शाबास, बस. मी बसलो. मग अप्पा उठला. पहिली ओळ झोकात म्हणाला. दुसरी ओळ अर्धी म्हणाला आणि अडकला. विसरला! मला वाटलं, आता छडी. पण हा गडी घाबरला नाही, लाजला नाही. वर्गाकडं बघून हसला आणि गप्प उभा राहिला. जसं काही पुढचं आम्हीच म्हणायचं होतं. आणि मंडळी, सगळ्या वर्गानं ती ओळ पुरी केली. एका सुरात. मग तो तिसरी म्हणाला, चौथी वर्गानं म्हटली. खिडकीबाहेरची पोरं सामील झाली. गुरुजी टेबलावर ताल धरायला लागले.

मला सगळी कविता येत होती. त्याला अर्धी. आणि टाळ्या कुणाला?

घरी जाताना मी म्हणालो, "तू मुद्दाम विसरलास."

तो म्हणाला, "न्हाय रे कविराज. खरंच आठवंना. पन तुमाला सगळ्यांला येतंय हे मला ठावं व्हतं."

इथं जे तरुण गिरणीवाले बसलेत, लातूरचे, सोलापूरचे, जे उद्या आपापल्या कंपन्या चालवणार आहेत, त्यांनी एवढं एक वाक्य घरी घेऊन जावं. ज्याला सगळं येतं त्याच्यामागं लोक बसून राहतात. माझ्यामागं बसून राहिले.

पुढं आम्ही दोघंही कारखानदार झालो. मी जळकोटला कापसाचा जिनिंगचा कारखाना काढला. त्यानं गल्लीतल्या घाणेवाल्यांना गोळा करून ही तेल कंपनी काढली आणि इंजिन आणायचं ठरवलं. त्याच सुमारास मीही नवी यंत्रं मागवली होती. म्हणजे बदल दोघांच्या दारात एकदमच येऊन उभा राहिला. मी काय केलं, त्यानं काय केलं, ते ऐका आणि मग मला सांगा, माझा हेवा रास्त आहे की नाही.

मी सूचनापत्र लिहिलं. सुंदर. मोठ्या अक्षरात, बोरूनं, आणि वर स्वतः रचलेल्या दोन ओळी, प्रगतीवर. ते कारखान्याच्या दारावर लावलं. लोक आले. ज्याला वाचता येत होतं त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण मला म्हणाला, "तात्या, लई गोड लिव्हलंय." आणि दुसऱ्या दिवसापासून निम्मे कामावर आले नाहीत. त्या पत्रात काय चूक होती? मी अजून विचारतो. एक काना-मात्रा चुकली असेल तर दाखवा. मी शपथेवर सांगतो, ते पत्र उत्तम होतं.

आणि अप्पा? अप्पांनी एक अक्षर लिहिलं नाही. तो येळवसेची वाट बघत बसला.

सोलापूरच्या पलीकडून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या ही आमच्याकडं येळवस. त्या दिवशी गावात कुणी नसतं. सगळी माणसं आपापल्या शेतात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, मिसळभाजीची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील न्यायची आणि बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवू घालायचं. ओळखीचा असो, नसो. त्या दिवशी शिवारातून उपाशी कुणी जात नाही.

अप्पा त्या दिवशी सकाळपासून एकेका घाणेवाल्याच्या खोपीत गेला. प्रत्येकाची भज्जी खाल्ली, प्रत्येकाची आंबील प्यायला आणि प्रत्येकाला तेच सांगितलं. इंजिन येणार. घाणे बंद होणार. तुम्ही गिरणीत याल का? प्रत्येकानं त्याला शिव्या दिल्या. त्यानं त्या पाटावर बसून ऐकल्या. मी विचारलं, "सगळ्यांच्या घरी जाऊन शिव्या कशाला खाल्ल्यास? एकत्र बोलवायचं, एकदाच खायच्या."

म्हणाला, "एकत्र बोलावलं तर एक बोलतोय आन बाकीचे गप बसत्यात. अन् आपल्या खोपीत, आपल्या हातानं वाढून झाल्यावर मानूस भांडला तरी बसून भांडतोय, कविराज. उठून जात न्हाय. जानार कुटं? शेत तर त्याचंच हाय."

संध्याकाळपर्यंत त्याचं पोट एवढं फुगलं की चार दिवस ओव्याच्या पाण्यावर काढले. गंगाक्का, आठवतं ना? तुम्ही हसताय, म्हणजे आठवतं.

घाणेवाले आले, सगळे. एक सोडून. त्या एकाकडं मी येतोच आहे.

आता अप्पांची चूक सांगतो. हेवेकरी माणूस आहे, चूक सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही. आणि आज इथं कुणी सांगणार नाही, म्हणून मला सांगितलीच पाहिजे. इंजिन सुरू झालं त्या दिवशी अप्पांनी घाण्याच्या बैलांना हार घातले. ओवाळलं. आणि सगळ्यांसमोर त्यांच्या डोळ्यांवरची झापडं काढून टाकली. म्हणाले, सुटलात रे बाबांनो, आता जा, मोकळ्या शेतात नांगराला जा. लोकांच्या डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, वा, काय काव्य आहे!

दुसऱ्या दिवशी बैल नांगराला जुंपले. तर काय? जन्मभर डोळे झाकून गोल फिरलेलं जनावर ते. त्याला एकदम सगळं शिवार दिसलं. आभाळ दिसलं. थरथर कापायला लागलं. पुढं पाऊल टाकीना. चाबूक दाखवला तर चाललं, पण सरळ नाही. बांधावरच्या बाभळीभोवती गोल गोल फिरायला लागलं, नांगरासकट. बाभळीभोवती असं खळं पडलं की पोरं तिथं गोट्या खेळायला लागली. सगळी पंचक्रोशी हसली. मी तर जास्तच हसलो. मला वाटलं, आता अप्पाची नाचक्की झाली.

पण तो काय म्हणाला? त्या बाभळीखाली लोकांना जमवून म्हणाला, "बैलाचं चुकलं न्हाय. म्या एका दिसात झापड काढली, माझं चुकलं." मग त्यानं एक घाण्याचा बैल आणि एक नांगराचा बैल असे जोडीनं जुंपले. झापड रोज थोडी थोडी वर सरकवली. घाण्याचा बैल शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून हळूहळू सरळ चालायला शिकला. आणि तीच गोष्ट त्यानं गिरणीत माणसांना लावली. एक घाणेवाला, एक इंजिनवाला, जोडी. एकट्याला यंत्रापुढं उभं करायचं नाही. कुणाला काही आलं नाही तर रागवायचं नाही, तो कुणाच्या जोडीला आहे ते बघायचं.

चूक त्यानं केली, आणि त्या चुकीतून शहाणपणही त्यालाच सापडलं. मी चूक केली की फक्त चूक होते. हा न्याय आहे का?

माझा कारखाना बंद पडला, आणि अप्पानं मला या कंपनीत घेतलं. ते तुम्हाला माहीत आहे. त्याचं पुराण नको.

मग लढाईचे दिवस आले. इंजिनाला जाळायचं तेल मिळेना, सरकारी परवाने उर्दूत, दरखास्तीवर दरखास्त. त्यानंतर निजामी मोडता मोडता तर आणखी वाईट दिवस. रोज नवी अफवा. आज हे गाव पेटलं, उद्या ते. लोक कामाला यायला घाबरायचे. त्या दिवसांत अप्पा रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, आज इंजिन चालेल की नाही, वाट मोकळी आहे की नाही. आणि जे माहीत नसेल त्याला सरळ म्हणायचा, "मला ठावं न्हाय."

मी त्याला म्हणालो, "अरे, चालकानं असं म्हणू नये. लोकांचा धीर जातो."

तो म्हणाला, "कविराज, म्या खोटं सांगितलं आन दुपारी उघडं पडलं, तर उद्या खरं सांगितलं तरी कोन आयकंल?"

मला 'ठाऊक नाही' म्हणता येत नाही, मंडळी. शिकलेल्या माणसाच्या जिभेला ते शब्द चिकटून बसतात. तो म्हणायचा आणि लोकांना वाटायचं, हा सगळं जाणतो. मी सगळं सांगायचो आणि लोकांना वाटायचं, हा काहीतरी लपवतोय.

तर आता त्या एका माणसाकडं येतो.

घाणेवाल्यांतला एकच गिरणीत आला नाही. सिद्राम अण्णा. आमच्याहून वयानं मोठे. गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. सगळ्यांनी घाणे मोडले, उखळींचं सरपण केलं, सिद्राम अण्णांनी आपला घाणा ठेवला. आमचं इंजिन इकडं धडधडायचं आणि तिकडं त्यांचा एकटा घाणा कुरकुरायचा. कंपनीचा हा उंबरा ते कधी ओलांडून आले नाहीत. दारावरून जातानाही रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायचे, आणि मोठ्यानं खाकरायचे, म्हणजे आत ऐकू यावं.

आता राज्य बदललं. निजामी गेली. सोलापूरच्या वाटेवरचा करोडगिरीचा नाकाही उठल्यातच जमा आहे. आजवर तो नाका आपल्याला त्रास द्यायचा, पण सोलापूरच्या मोठ्या गिरण्यांचं तेलही अडवायचा. उद्या ते तेल स्वस्तात इथं येईल. आमचं छोटं इंजिन त्यांच्यापुढं किती दिवस टिकणार? भागीदार म्हणाले, आणखी मोठं इंजिन आणा. मीही तेच म्हणालो. अप्पानं येळवसेची वाट बघितली. परवाच्या येळवसेला मला म्हणाला, "चल, कविराज. सिद्राम अण्णाच्या शेतात जाऊ."

गेलो. खोपीसमोर बसलो. अण्णांनी वाढलं. येळवस ना, वाढणारच. अप्पांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "अण्णा, म्या चुकलो."

अण्णा म्हणाले, "कशात? भज्जीत मीठ लई पडलंय म्हणून व्हय?"

"न्हाय. इंजिन आणलं त्यात चुकलो न्हाय. सगळे घाणे मोडू दिले, तितं चुकलो."

अण्णांनी ताटात आणखी भज्जी वाढली. अप्पा पुढं म्हणाले, "इंजिनाचं तेल सोलापूर बी देतंय. आपल्या करडीचं घाण्याचं तेल त्येला जमनार न्हाय. गिरणीत परत घाणे उभे करायचेत, इंजिनाच्या शेजारी. पन पोरांला घाणा ठावं न्हाय. उखळ कशी बसवायची, लाट कशी धरायची, सगळं इसरलं गेलंय. तुमी यायला पायजे."

अण्णा हसले. कसं हसले म्हणता! म्हणाले, "अप्पा, तुझ्या इंजिनानं माझी गल्ली मुकी केली. आन आता म्याच यून तिला बोलती करू? तुझा उंबरा म्या वलांडनार न्हाय. तू मेलास तरी न्हाय."

अप्पांनी ओंजळ पुढं केली. म्हणाले, "बरं. आंबील वाढा."

झालं. एवढंच. परतताना मी संतापलो होतो. "त्यानं तुझा अपमान केला. तू कंपनीचा चालक. तू जाऊन चुकलो म्हणालास, आणि तो बघ."

अप्पा बांधावरून चालत होता. मागं न बघता म्हणाला, "न्हाय म्हनला, ठीक हाय. पन त्याचं वाक्य अजून अर्धं हाय."

तेव्हा मला शाळेतला तो दिवस आठवला. तेच हसू. अर्धी ओळ सोडून गप्प उभा राहिलेला पोरगा.

तरुण मित्रांनो, बदल घडवून आणणारे चालक मी पुष्कळ पाहिले. नवं यंत्र आणणारे, जुनं मोडणारे. पण स्वतः आणलेल्या बदलातलं अर्धं बरोबर होतं, अर्धं चुकलं, असं ज्याचं नुकसान झालं त्याच्याच पंक्तीला बसून सांगणारा मी एकच पाहिला. आणि तो माझ्याच गोधडीत झोपायचा. म्हणून तर जळतोय मी.

त्यानंतर पौषात अप्पा गेले. ताप आला, आणि गेले. वाक्य अर्धंच राहिलं. आणि ती अर्धी ओळ आता माझ्या हातात देऊन सगळे माझ्याकडं बघतायत. बसवण्णा बघतायत. मी काय करू? मला तर सगळ्या ओळी स्वतः म्हणायची सवय. मी परवा सिद्राम अण्णांना चिठ्ठी पाठवली होती. नम्र, सुंदर भाषेत. उत्तर आलं नाही. पुन्हा सूचनापत्रच लिहिलं म्हणायचं मी.

आणि आज सकाळी एक विचित्र गोष्ट झाली. मी जागा झालो आणि गल्लीच्या टोकाचा तो आवाज आलाच नाही. कुर्रर्र... कुंई. नाही. मला वाटलं, माझे कान गेले. म्हणून तर आल्या आल्या मी तुमच्यापुढं तो आवाज काढून बघितला. मला ऐकू येतंय. म्हणजे कान शाबूत आहेत.

असो. लांबलं. आता आपण उभे राहू. अप्पांसाठी मी चार ओळी रचून आणल्यात. त्या म्हणतो, आणि मग आपण शांत उभं राहून त्यांना निरोप देऊ. गंगाक्का, तुम्ही बसूनच राहा.

दिवा लावुनी गेला कोणी, वात राहिली तेलावीण;
पावलांवरी धूळ उडाली, खुणा जाहल्या आता क्षीण.
तरी उंबरा सांगत राही...

काय झालं? मागं कशाची गडबड आहे? बसवण्णा, दारात कोण आहे? बाजूला व्हा जरा, मला दिसत नाही, उजेड डोळ्यांवर येतोय.

कोण... सिद्राम अण्णा?

मंडळी, गप्प राहा. बोलू द्या त्यांना. काय म्हणताय, अण्णा? मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. ते म्हणतायत, "आज घाणा बंद ठिवलाय." ते म्हणतायत, "इंजिनाच्या तेलाचा दिवा अप्पाम्होरं लावला असंल तर इजवा. ह्ये घ्या, घाण्याचं हाय." हातात तांब्या आहे त्यांच्या. करडीचा वास इथवर येतोय.

आत या ना, अण्णा. बाहेर का उभे?

हां. उंबरा.

अप्पा, ऐकतोस का रे? हा माणूस सुद्धा तूच आणलास. मी एवढं सुंदर पत्र लिहिलं, आणि आला तो तुझ्यासाठी. गेल्यावर सुद्धा टाळ्या तुलाच.

नाही, बसवण्णा, त्यांना ओढू नका. आत या म्हणून आग्रह करू नका. त्यांचा शब्द आहे, तो त्यांच्याजवळ राहू द्या. मला तेवढा खाली उतरायला हात द्या. गुडघा धरतो माझा. जरा वाट द्या, मंडळी, पोती सरकवा.

चौथी ओळ मला येते, पण आता म्हणणार नाही. आपण शांत उभं राहायचं आहे ना? तर तुम्ही सगळे आपापल्या जागी उभे राहा. मी तिथं, उंबऱ्याच्या बाहेर, अण्णांच्या शेजारी उभा राहतो.